अंडरग्राउंडचं काम

आमच्या जुन्नर-आंबेगावात अंडरग्राउंड या शब्दाचे दोनच अर्थ आहेत. एक म्हणजे जमिनीखालून टाकलेली पाइपलाइन, आणि दुसरा म्हणजे पोलिसांना चुकवून कुठंतरी दडून बसलेला माणूस. मी जे करतो ते या दोन्हींत बसत नाही, आणि तिसरा अर्थ शिकून घ्यायची गरज इथं कुणाला वाटलेली नाही.

मी संगीत करतो. इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक म्हणतात, त्यातला एक आडवळणाचा प्रकार. गायक नाही, शब्द नाहीत, नुसता ठेका आणि आवाज. जगभर माझ्यासारखे कितीतरी लोक आपापल्या खोलीत बसून हे करतात आणि दोन-तीन माणसांनी चालवलेली बारकी लेबलं, म्हणजे संगीत काढणाऱ्या कंपन्या, ते बाहेर काढतात. जाहिरात करत नाहीत. थोड्या कॅसेट काढायच्या, बाकी इंटरनेटवर टाकायचं. ज्याला हवं असेल त्यालाच पत्ता लागतो, म्हणून ते अंडरग्राउंड.

नवे रिलीज शुक्रवारी येतात. शुक्रवारी सकाळी मी कुणाचा फोन घेत नाही. घोडेगावहून डिंभ्याकडे जाताना आमचं गाव लागतं, तिथं कांदा साठवायच्या बराखीला लागून माझी खोली आहे. तिथं हेडफोन लावून आठवड्याचं सगळं नवं ऐकतो. आनंदासाठी कमी, धास्तीनं जास्त. माझ्या डोक्यात घोळत असलेलं कुणी आधीच करून टाकलं नाही ना, हे बघायचं असतं. बहुतेक वेळा टाकलेलं असतं. मधे कुठल्याशा बंदराच्या गावातल्या एकानं पाण्याच्या मोटरीच्या आवाजावर अख्खा ट्रॅक बांधला. इथं माझ्या चारी बाजूंना मोटरी, आणि वाहवा त्याची. हल्ली तर यंत्राला दोन ओळी लिहून दिल्या की तेच ट्रॅक करून देतं. त्यातले काही बरे असतात, याचा मला जास्त संताप येतो.

गावात हे कुणाला सांगायची सोय नाही. आमच्याकडे डीजे म्हणजे माणूस नव्हे, टेंपोवर रचलेली स्पीकरची भिंत. हळदीला आणि वरातीला ती येते, गाजलेलं गाणं धडाधड वाजवते, आणि दर थोड्या वेळानं त्या गाण्याच्या मधेच कुणीतरी घशाच्या शिरा ताणून त्या डीजेचं नाव पुकारतो. लोकांना तेच आवडतं. मला विचारतात, हळदीला किती घेतो. मी सांगतो, मी वाजवत नाही, बनवतो. मग विचारतात, बनवून कुणाला देतो. लेबलचं नाव सांगितलं तर समोरचा मान हलवतो, आणि मला कळतं की याच्या लेखी मी घरी बसलेला आहे. पोटापाण्यासाठी मी लग्नाच्या व्हिडिओंचे आवाज साफ करून देतो, ते काम मात्र सगळ्यांना समजतं. पुण्यातला स्टुडिओ बंद पडल्यावर गावी आलो तेव्हापासून तेच चाललंय.

त्या पुकारण्याचा मला इतका वीट आला होता की मी स्वतःला एक नियम घालून घेतला. माझ्या संगीतात माणसाचा आवाज येणार नाही. गाणं नाही, हाक नाही, खोकलासुद्धा नाही. आवाज मी इथलेच घेतो. कांदा निवडायचं यंत्र, ठिबकच्या नळीतली हवा, ओढ्यावरचा पत्रा. ते घेताना माणसं मधे येतातच. कांदा निवडणाऱ्या बायका सारख्या बोलत असतात, म्हणून त्या जेवायला बसल्या की मी माइक लावायचो. एकदा डिंभ्याच्या धरणावर पाण्याकाठी सुंदर आवाज मिळाला, तर जाळं आवरणारा एक मच्छीमार मधेच काहीतरी गुणगुणला. त्याला गप्प बस म्हणता येईना. घरी येऊन ते गुणगुणणं पाण्यातून बाहेर काढायला मला आठवडा लागला, आणि ते पूर्ण निघालं तेव्हा मी स्वतःवर खूश झालो.

माझ्या नव्या रिलीजची वाट बघणारा गावात एकच माणूस होता, माझा चुलता. वडील गेल्यापासून शेती तोच बघतो. भुईमुगात रानडुकरं येतात, उसाच्या कडेला बिबट्या असतो, म्हणून शेतात रात्रभर स्पीकर लावून ठेवायची आमच्याकडे रीत आहे. कुणी सायरन लावतं, कुणी कुत्र्यांचं भुंकणं. चुलत्यानं एकदा माझा ट्रॅक लावून बघितला आणि डुकरं फिरकली नाहीत. तेव्हापासून दर हंगामाला तो पेनड्राइव्ह घेऊन यायचा. डुकरं जुन्याला सरावतात, त्यांना काहीतरी नवीन लागतं. नवीन काय काढलं का, असं तो उंबऱ्यात उभा राहून विचारायचा, आणि मला कळत नसे की हसावं की दार लावून घ्यावं. एकदा मी त्याला बसवून नीट समजावलं की हे अंडरग्राउंड संगीत आहे, याला लांबलांबच्या देशांत ऐकणारे आहेत. त्यानं सगळं मन लावून ऐकून घेतलं. तिथंच घोळ झाला, असं मी पुढं कैक वर्षं समजत होतो.

माझ्या लग्नाचं बघणं सुरू झालं तेव्हा माझं वय पस्तिशीकडे झुकलं होतं. आमच्याकडे शेतकरी पोराला मुलगी मिळत नाही, आणि मी तर धड शेतकरीही नव्हतो. तरी नात्यातल्या एका रिटायर्ड कंडक्टरनं मढकडचं एक स्थळ आणलं. मुलगी फार्मसी शिकलेली, मेडिकलच्या दुकानात कामाला. मी, आई, चुलता आणि कंडक्टर असे आम्ही जीपनं जुन्नरवरून मढला गेलो.

चहा-पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगा करतो काय. मी तोंड उघडायच्या आत चुलता बोलला.

"पोराचं काम अंडरग्राउंडचं हाय. लई लांबपातुर पोचलंय. हितं कुनाला ठावं न्हाई, पर भायेरच्या देशात समदे वळखत्यात."

मुलीच्या वडिलांनी कप खाली ठेवला. कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या एका म्हाताऱ्या नातेवाइकांनी मात्र आस्थेनं विचारलं, "किती इंची टाकता?" मग थोडा वेळ पाइपलाइनवर बोलणं झालं. कुठल्या जमिनीत किती खोल खणावं लागतं, खडक लागला की काय करावं. कंडक्टरनं सांगितलं की तसलं नव्हे, पाहुण्यांचं काम गाण्याचं आहे. त्यावर मुलीच्या वडिलांनी शांतपणे विचारलं, "गाण्याचं काम अंडरग्राउंड कशापायी?"

मी समजावायला लागलो, लेबल, कॅसेट, शुक्रवार. जेवढं समजावत होतो तेवढा मी जास्त संशयित दिसत होतो. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. चुलत्याला आपण पोराचं कौतुक केलं असंच वाटत होतं.

नंतर आम्हा दोघांना गच्चीवर पाठवलं. मला वाटलं होतं, पुण्यात राहणार का, शेती किती, हे ती विचारेल. तिनं विचारलं, ते नेमकं ऐकायला कसं असतं. इतक्या वर्षांत दोन्ही तालुक्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी काय सांगितलं ते आठवत नाही, खूप बोललो एवढं आठवतं. ती कठड्याला टेकून ऐकत होती. शेवटी म्हणाली, मला पाठवा, मी ऐकीन.

माझा नवा रिलीज तेव्हा यायचा होता. चार ट्रॅक, त्यातला एक डिंभ्याच्या पाण्याचा. लेबलवाल्यांना शेवटची प्रत जायच्या आधी मी ती तिला पाठवली. तिचं उत्तर आलं, ऐकते. तेवढाच शब्द. मी त्या शब्दावर जगलो. बराखीशेजारच्या खोलीला खिडकी पाडायची, असं मनात ठरवून टाकलं. आईनं न सांगता दाढी करायला लागलो. आज हे लिहितानाही लाज वाटते, पण मी सुखी होतो.

मग कंडक्टरचा चुलत्याला फोन आला. त्यांचा नकार होता. मुलीकडचे म्हणतात, अंडरग्राउंडच्या धंद्यात आम्हाला मुलगी द्यायची नाही.

त्या दिवशी मी चुलत्याला जे बोललो ते आईसमोर बोलायला नको होतं. अडाणी म्हणालो, माझ्या आयुष्याचं वाटोळं केलंस म्हणालो. तो ओट्यावर खाली मान घालून बसला होता. "चुकलं राव माझं," एवढंच म्हणाला आणि उठून गेला.

रिलीज ठरल्याप्रमाणे शुक्रवारी आला. माझ्या आजवरच्या कामात तोच सगळ्यात जास्त ऐकला गेला. परदेशातल्या एका माणसानं त्यावर लिहिलं. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की या संगीतात माणसाचा मागमूस नाही, जिथं कधीच कुणी पाऊल ठेवलं नाही अशा जागेचा हा आवाज आहे. मी ते कितीदा वाचलं असेन. एवढा परका माणूस मला बरोबर ओळखतो आणि इथल्यांना तोंडची भाषा कळत नाही, असा त्या दिवसांतला माझा माज होता.

त्यानंतर ही मढची गोष्ट मी सगळीकडे सांगत सुटलो. पुण्यातले मित्र, मेलवरचे लेबलवाले, ओळख झालेला कुणीही. अंडरग्राउंड म्हणजे फरार समजून आमचं लग्न मोडलं. किती इंची टाकता, हे मी त्या म्हाताऱ्यांच्या आवाजात म्हणून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे. मी हसवत होतो, पण आतून मला या गावाचा, या शब्दाचा आणि चुलत्याचा राग होता, आणि तो राग मला पुरत होता. घरी पाहुणे आले की चुलत्यादेखत मी तीच गोष्ट सांगायचो. तो दरवेळी तंबाखू मळत गप्प ऐकायचा. एकदाही म्हणाला नाही, की पुरे आता.

पुढे स्थळं आली नाहीत असं नाही. मीच जायचं बंद केलं. जाऊन काय सांगायचं, हे मला ठरवता येईना.

गेल्या श्रावणात आईच्या बीपीच्या गोळ्या आणायला मी मंचरला गेलो. घोडेगावच्या रस्त्यावर भीमाशंकरला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती, त्यामुळे पोचायला उशीर झाला आणि नेहमीचं मेडिकल बंद दिसलं. म्हणून दुसऱ्या दुकानात शिरलो. काउंटरमागं ती होती. गळ्यात मंगळसूत्र, नाकावर चष्मा. तिनं आधी ओळखलं. आई कशी आहे विचारलं, चिठ्ठी घेतली, गोळ्या शोधायला लागली. गिऱ्हाईक दुसरं कुणी नव्हतं.

मला गप्प बसवेना. मी हसत हसत म्हणालो, तुमच्या वडिलांना मी फरार वाटलो, नाहीतर आज या गोळ्यांवर मला घरची सूट मिळाली असती. हे वाक्य मी त्याआधी मनात कितीदा तरी म्हणून बघितलं होतं. त्यावर ती हसेल आणि वडिलांच्या वतीनं चुकचुकेल, एवढी माझी अपेक्षा होती.

ती हसली नाही. गोळ्यांची पाकिटं काउंटरवर ठेवून म्हणाली, "वडलांना सगळं कळत होतं. माझा भाऊ कॉलेजात हेच ऐकायचा, त्यानं त्याच दिवशी त्यांना समजावलं. ते तयार होते. मीच नको म्हणाले."

मी विचारलं, का.

इतका वेळ ती दुकानात बोलतात तसं शुद्ध बोलत होती. आता तिच्या तोंडून मढचं निघालं. "तुमी पाठवल्यालं समदं ऐकलं मी. दोनदा ऐकलं. वंगाळ न्हवतं. पर त्यात दुसरं कुनी आल्यालं तुमाला चालत न्हाई, असं वाटलं मला. आन नांदायला त्या घरात मलाच यायचं व्हतं."

तिनं पुढं सांगितलं, की गाणी ऐकून पोरगी नको म्हणते, असं पाहुण्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं, असा घरी प्रश्न पडला. शेवटी वडिलांनी माझ्या चुलत्याचाच शब्द धरला. शब्दावर खापर फोडलं की माणसांत वाईटपणा येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग तिनं पाकिटावर पेनानं खुणा केल्या आणि सकाळची कुठली, रात्रीची कुठली ते मला सांगितलं.

बाहेर येऊन मी गाडीला किक मारली नाही, नुसता बसून राहिलो. मला तिचा राग आला होता. दोनदा ऐकून नको म्हणते म्हणजे काय? मुलगी द्यायची म्हटलं की लोक जमीन बघतात, पगार बघतात, पत्रिका बघतात. हिनं माझं काम बघितलं, आणि तेच बघून नको म्हणाली. यापेक्षा तिच्या वडिलांनी मला फरार समजलेलं बरं होतं.

घरी न जाता मी थेट शेतात गेलो. चुलता भुईमुगाच्या बांधावर गवत काढत होता. मी विचारलं, त्या स्थळाचं खरं कारण तुला माहीत होतं का. त्यानं विळा बाजूला ठेवला.

"व्हतं की. कंडक्टरला त्येंनी खरं सांगितलं व्हतं, त्यानं त्याच दिशी मला सांगितलं. पोरीलाच नको हाय म्हनून."

"मग मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं मी तुला चारचौघांत बोलतोय."

त्यानं हातातली गवताची मूठ झटकली. "तू मला शिव्या देत व्हतास तवर जेवत तरी व्हतास," म्हणाला.

मला तिथं त्याचे पाय धरता आले असते. निदान माफी मागता आली असती. मी दोन्ही केलं नाही. या माणसावर रागवायचीही सोय त्यानं आता ठेवली नाही, याचाच मला राग आला, आणि तसाच मी घरी आलो. आईला गोळ्या दिल्या, सकाळची कुठली, रात्रीची कुठली ते सांगितलं.

माझे रिलीज झालेले ट्रॅक मी पुन्हा ऐकत नाही. बाहेर पडलं की ते माझ्या दृष्टीनं संपतं. त्या दिवशी खोलीत जाऊन मी ते चार ट्रॅक पहिल्यापासून लावले. आधी भांडायलाच बसलो होतो. तिचं कुठं चुकलं, हे मला शोधायचं होतं. पहिल्या ट्रॅकमध्ये यंत्र फिरत होतं, त्याच्या अवतीभवती कुणी नव्हतं. दुसऱ्यात डिंभ्याचं पाणी होतं, स्वच्छ, आणि त्या मच्छीमाराची जागा मलाही सापडली नाही, इतकं ते काम मी चांगलं केलं होतं. तेव्हा भांडण सोडून मी नुसता शोधू लागलो. कुठंतरी एखादी फट, जिथून कुणीतरी आत येऊ शकलं असतं.

तिसऱ्या ट्रॅकमध्ये कांद्याच्या टरफलांचा आवाज आहे, याच खोलीत माइक लावून घेतलेला. त्यात मागं अगदी बारीक काहीतरी होतं. दारात येऊन उभं राहिलेल्या माणसानं या पायावरचा भार त्या पायावर घ्यावा, तसं. आई असेल, मला वाटलं, चहाचं विचारायला आली असेल आणि माझं काम चाललंय म्हणून परत गेली असेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि बरंही वाटलं, दोन्ही एकदम.

आवाज वाढवून मी ती जागा पुन्हा लावली. ती माझीच खुर्ची करकरली होती.